वाकड्या पंखांची टोपी

मी एक जुने पोस्टर आहे, आणि आज दुपारी माझ्या बाबतीत जे घडले त्याने मी अजून सुन्न आहे. धक्का बसलेल्या माणसाने गप्प बसू नये, कुणाजवळ तरी बोलून मोकळे व्हावे, असे आमच्या स्टेशनवरच्या बायका म्हणत. म्हणून मित्रांनो, तुमच्याजवळ बोलतो.

सध्या मी पॅरिसमध्ये एका मोठ्या टेबलावर उताणा पडलो आहे. माझ्या चारही कोपऱ्यांवर वजने ठेवली आहेत. शेजारी एक बाटली आहे आणि कापसाचे बोळे आहेत. जुनी चित्रे दुरुस्त करणारी क्लोतिल्द आताच खाली जेवायला गेली. ती वर यायच्या आत माझे सांगून झाले पाहिजे, कारण आल्यावर ती काय करणार आहे ते मला ठाऊक आहे.

माझा जन्म दगडातून झाला. दोन महायुद्धांच्या मधला तो काळ. लोकांनी घराबाहेर पडावे, तिकिटे काढावीत, म्हणून रेल्वेवाले चित्रकारांकडून समुद्राची, बर्फाची, गरम झऱ्यांची चित्रे काढून घेत आणि भिंतीभिंतींवर लावत. ही चित्रे गुळगुळीत सपाट दगडावर चरबीच्या खडूने काढायची आणि त्यावरून कागदावर छापायची. एका रंगाला एक दगड. पिवळा पडला तेव्हा मी नुसतेच ऊन होतो. मग तांबडा आला आणि मला होडीचे शीड मिळाले. निळ्याने मला समुद्र दिला आणि काळ्याने बंदराच्या धक्क्यावर उभी असलेली बाई. ती डोळ्यांवर हात धरून दूर पाहत होती. तिच्या डोक्यावर लेसची पांढरी टोपी होती आणि टोपीचे दोन लांब पंख खांद्यांवर उतरले होते. कडेची बारीक नक्षी सोडली तर त्या टोपीला मात्र रंग नव्हता. तिथे नुसता कोरा कागद, म्हणजे मीच होतो. खाली मोठ्या अक्षरांत गावाचे नाव होते, केर्वेलान, आणि त्याखाली लिहिले होते, ‘येथे समुद्र तुमची वाट पाहतो.’

माझा चित्रकार वेर्दिये पहिली प्रत पाहायला आला, तेव्हा छापखान्यातला म्हातारा आन्सेल्म मिशीला लागलेला निळा रंग पुसत म्हणाला, “मानलं तुम्हाला. ही बाई कुठे भेटली?”

“तिथेच, धक्क्यावर. मासे निवडत होती. जरा बसता का म्हटलं, तर बसली बिचारी. पण तिची टोपी मला जमेना. पंख दोन्ही वर टाचलेले, पिसं फुगवलेल्या कोंबडीसारखे. तिथेच पलीकडे एक म्हातारी जाळं विणत होती, तिचे पंख खाली सोडलेले. म्हटलं, हेच ते. चेहरा हिचा घेतला, टोपी तिची.”

“विचारलंत का दोघींना?”

“टोपीच ती, आन्सेल्म. तिचं काय विचारायचं?”

दोघेही हसले. मलाही त्यात काही वावगे वाटले नाही. मी तेव्हा ओला होतो आणि स्वतःवर खूश होतो.

पहिला धक्का बसला तो छपाई संपल्यावर. आन्सेल्मने दगडावर पाणी ओतले, वाळू पसरली आणि दुसरा दगड घेऊन तो गोल गोल घासू लागला. बाईचा हात गेला, मग डोळे गेले, मग टोपी गेली. मला जन्म देणारी ती माझ्या डोळ्यांदेखत पुसली गेली, आणि पुसणारा शीळ घालत होता. पुढे त्याच दगडावर कुठल्याशा बर्फाळ डोंगराचे चित्र काढले म्हणे. ती कामाची रीतच होती, दगड महाग असतात. पण त्या दिवसापासून पुसण्याची जी धास्ती बसली ती कायमची.

माझी भावंडे पॅरिसच्या मोठमोठ्या स्टेशनांवर गेली. लोक त्यांच्यापुढे थबकत, ‘किती सुंदर, किती उदास’ म्हणत. माझ्या वाट्याला मात्र खुद्द केर्वेलानचे स्टेशन आले. माझा आनंद पोटात मावेना. ज्या गावाचे चित्र, त्याच गावात मी चाललो होतो. जिचा चेहरा माझ्यावर आहे ती मला रोज पाहील आणि गाव तिचे कौतुक करील, असे मनात मांडे खात मी नळकांड्यात गुंडाळून निघालो.

जून महिना होता. स्टेशनमास्तर बास्तीद दक्षिणेकडचा माणूस. बदली होऊन फ्रान्सच्या वायव्य टोकाला, ब्रिटनीत आलेला आणि इथल्या दमट हवेला शिव्या घालत दिवस काढणारा. त्याने मुसाफिरखान्यात, फलाटावरून आत येणाऱ्या दाराच्या बरोबर समोर, लाकडी फळीवर मला खळीने चिकटवले. दोन पावले मागे सरून पाहिले आणि म्हणाला, “वा. आता बघा पॅरिसवाले कशी रांग लावतात.”

तो बाजाराचा दिवस होता. सकाळच्या गाडीने लोण्याच्या टोपल्या घेऊन जाणाऱ्या दोन बायका आत आल्या. पहिली माझ्याकडे पाहून हसू लागली, “अगं, ही तर आपली कातेल,” आणि तिचे हसू जागच्या जागी विरले. दुसरीने टोपली खाली ठेवली आणि छातीवर क्रूस काढला. कौतुकाची वाट पाहत मी छाती काढून उभा होतो, तो गोंधळून गेलो.

“कधी कळलं?” पहिलीने हलकेच विचारले.

“मला कुठे काय कळलंय?”

“मग पॅरिसला कसं कळलं?”

“सरकारला आधीच कळतं बाई. लढाईत नव्हतं कळत? आपण इकडे पोरांचे मोजे विणत बसायचो आणि कागद निघालेला असायचा.”

मित्रांनो, आता तुम्हाला त्या गावची रीत सांगितली पाहिजे. नवरा हयात आहे तोवर केर्वेलानची बाई टोपीचे दोन्ही पंख वर दुमडून पिनांनी टाचते. नवरा गेला की सासू त्या पिना काढते. पंख खांद्यावर पडतात ते पुन्हा कधी वर जात नाहीत. नवरा जिवंत असलेल्या बाईचे कोऱ्या कपाळाचे चित्र कुणी तुमच्या गावच्या चावडीवर लावले तर कसे वाटेल? तेच मी होतो. आणि मला वाटत होते माझ्यावर उन्हाळा छापला आहे.

कातेलचा नवरा हेर्वे हिवाळा सरताना अटलांटिकपलीकडे, न्यूफाउंडलंडच्या किनाऱ्याकडे कॉड मासे पकडायला गेला होता. जहाज शिडाचे. गेले की सप्टेंबरपर्यंत त्याची खबर नसे. त्या दोन बायकांनी गाडी सोडली आणि त्या गावात परत गेल्या. दुपार व्हायच्या आत कातेलच्या दारात लोक पाव घेऊन उभे राहिले, सुतकाच्या घरी नेतात तसे.

कातेल धावतच स्टेशनवर आली. हात कोपरापर्यंत शिंपल्यांच्या चिखलाने भरलेले. मागे अर्धा गाव.

“मास्तर, कागद कुठाय?”

“कुठला कागद?”

“हेर्वेचा. पॅरिसहून आलाय म्हणतात सगळे.”

“अहो, पॅरिसहून कागद आलाय तो हा एवढाच,” असे म्हणून मास्तरने माझ्याकडे बोट केले.

तिने माझ्याकडे पाहिले. मी तिचा चेहरा अंगावर घेऊन जन्मलो, पण ती कशी आहे ते मी तेव्हा पहिल्यांदा पाहिले. तिचा हात आपोआप डोक्यावर गेला. तिने एक पंख चाचपला, मग दुसरा. दोन्ही वर होते, पिना जागेवर होत्या. तरी ती चाचपतच राहिली, आणि त्या चिखलाच्या बोटांचे डाग लेसवर उमटले.

मागून लाकडी बूट खडखडवत तिची सासू मारिवोन आली. मारिवोनला सारे गाव वचकून असे. तिचा नवरा समुद्रानेच नेला होता, आणि तेव्हापासून तिची जीभ खारवली होती असे लोक म्हणत.

“शाबास,” ती म्हणाली. “नवरा समुद्रावर, आणि सूनबाई धक्क्यावर बसून तोंड रंगवून घेतायत. घे आता, बघ. हौस फिटली?”

“मी नुसती बसले, सासूबाई. टोपी मी अशी घातली नव्हती. तुम्ही तिथेच होतात की.”

“हो, होते. म्हणून तर...” म्हणत मारिवोन माझ्याजवळ आली. नाक टेकेल इतकी जवळ आली. तिने टोपीच्या कडेवरून एक बोट फिरवले आणि ते बोट थांबले. वेर्दियेचा हात चांगला होता, त्याने लेसच्या कडेची नक्षीसुद्धा सोडली नव्हती.

“हे नांगर,” ती म्हणाली. “कडेचे हे बारके नांगर. हे माझे आहेत. लग्नाच्या आधीच्या हिवाळ्यात मी विणले. गावात दुसऱ्या कुणाच्या टोपीला नांगर नाहीत.”

मारिवोन मागे सरकली आणि बाकावर बसली. “माझं होतं ते उचलून ह्या पोरीच्या डोक्यावर ठेवलं त्यानं. विचारलंसुद्धा नाही.”

मी हबकून गेलो. ‘टोपीच ती’ या शब्दांना मी हसलो होतो हे मला आठवले. माझ्यावर जो कोरा पांढरा भाग होता, ज्याचा मला सर्वांत जास्त अभिमान होता, तोच या लोकांना बघवत नव्हता.

लोक पांगले तरी कातेल थांबली.

“मास्तर, काढा ते.”

“माझ्या हातात असतं तर आत्ता फाडलं असतं, कातेल. कोपऱ्यात ते तिकीट दिसतंय? सरकारी कर भरलेला आहे. मी फाडलं तर माझी नोकरी जाईल, तू फाडलंस तर तुला दंड.”

“मग टोपीवर कागद चिकटवा.”

“आणि साहेब तपासणीला आले म्हणजे काय सांगू? बाईला सर्दी झालीय, डोकं बांधून ठेवलंय?” मास्तरला वाटले ती हसेल. ती हसली नाही. तो ओशाळला.

“तो ह्याच गाडीनं येतो, मास्तर. ह्याच दारातनं. एवढे महिने मिठात आणि धुक्यात काढून माणूस घरी येणार, आणि दार उघडल्याबरोबर समोर काय? त्याची बायको त्याला रडून मोकळी झालेली. दर्यावरचे लोक असल्या गोष्टी मनाला किती लावून घेतात ते तुम्हाला नाही माहीत. पुन्हा होडीत पाय ठेवणार नाही तो. नाहीतर ठेवेल आणि...” तिने वाक्य सोडून दिले.

“तो यायच्या आत बदलतो. नवीन चित्र आलं की हे खाली. शब्द देतो.”

पण नवीन चित्र आलेच नाही, कारण मी यशस्वी झालो होतो. जुलैत पॅरिसवाले खरोखरच आले. गावच्या खाणावळीत जागा पुरेना. चित्र चांगले चालले आहे, ते हलवू नका, असा वरून निरोप आला. माझी स्तुती होत होती आणि मला मेल्याहून मेल्यासारखे होत होते.

एके दुपारी कातेल खेकड्यांची पेटी गाडीत चढवायला आली होती. मला पाहावे लागू नये म्हणून ती मालाच्या फाटकाने जात असे, पण त्या दिवशी ते बंद होते. त्याच वेळी एक पॅरिसची बाई नवऱ्याबरोबर गाडीतून उतरली. घट्ट टोपी, हातमोजे, नवऱ्याच्या गळ्यात कॅमेरा. तिने माझ्याकडे पाहिले, कातेलकडे पाहिले आणि टाळी वाजवली.

“अहो, ही बघा, तीच. तीच आहे. जरा चित्राखाली उभ्या राहता का, बाई? फोटो घेतो एक.”

कातेलला नाही म्हणायला सुचले नाही. ती पेटी घेऊन उभी राहिली.

“आणि ते पंख तेवढे खाली घ्या ना, चित्रातल्यासारखे. असे वर नाही छान दिसत.”

“ते खाली येत नाहीत.”

“येतील की. पिनाच तर आहेत. थांबा, मीच काढते,” असे म्हणत त्या बाईने हातमोजा घातलेला हात कातेलच्या डोक्याकडे नेला.

पेटी धाडकन खाली पडली. कातेलने त्या बाईचे मनगट धरले. तिचा आवाज चढला नाही, उलट खाली गेला. “हात लावू नका. माझा नवरा जिवंत आहे.”

खेकडे चहूकडे सुटले. मास्तर पाय वर घेत, शिव्या घालत त्यांच्यामागे धावू लागला. ती पॅरिसची बाई बाकावर चढली आणि मनगट चोळत नवऱ्याला विचारत राहिली, “नवऱ्याचा काय संबंध? काय म्हणाली ही? फोटोत नवरा कुठे येतो?” तिचा स्वभाव वाईट नव्हता. तिला कुणी सांगितले नव्हते आणि तिने विचारले नव्हते. माझ्या चित्रकारासारखेच.

त्या उन्हाळ्यात कातेलचे काय झाले ते मी बाकावर बसणाऱ्या बायकांच्या तोंडून ऐकत होतो. विहिरीवर ती आली की हसणे थांबते. कुणी तिच्याशी थट्टा करत नाही, आणि थट्टा हेच तर तिचे खाणेपिणे होते. एका शेजारणीने तर काळे कापड आणून दिले, ‘पुढेमागे लागेल’ म्हणून. कातेलने ते तिच्याच कुंपणावर टाकले. नवरा जिवंत असताना ती माणसांत विधवा झाली होती, आणि ते मी केले होते. मला हात असते तर मी स्वतःच स्वतःला फाडून काढले असते.

सप्टेंबर लागला. पहिली जहाजे बंदरांना लागल्याच्या बातम्या येऊ लागल्या. एका सकाळी, गाडी यायला अवकाश असताना, मारिवोन मुसाफिरखान्यात शिरली. एका हातात निळ्या रंगाचा डबा, दुसऱ्या हातात पांढऱ्या रंगाचा. हेर्वेच्या लहान होडीला लावून उरलेला तो रंग होता. तिने बाक ओढत माझ्यापाशी आणला, लाकडी बूट काढले आणि ती वर चढली.

“मावशी, खाली उतरा,” मास्तर ओरडला. “मावशी, तो गुन्हा आहे.”

“मग शिपायाला बोलाव. तोवर मी वाळवते.”

“तुरुंगात टाकतील.”

“तिथे छप्पर गळतं का?”

“नाही.”

“मग माझ्या घरापेक्षा बरंय. बाक धर, हलतोय.”

आणि मित्रांनो, मास्तरने बाक धरला. तोंडाने ‘मी पाहिलं नाही, मी पाहिलं नाही’ म्हणत धरला.

तिने आधी निळ्या रंगाने खांद्यांवरचे ते दोन पंख झाकून टाकले. जाड, थंड रंग माझ्या कोऱ्या भागावर बसला आणि माझा जीव गुदमरला. मग पांढऱ्यात ब्रश बुडवून तिने डोक्याच्या दोन्ही बाजूंना वर गेलेले पंख काढले. होडी रंगवणारा हात तो. एक पंख लहान झाला, एक मोठा, आणि दोन्ही वाकडे. एक ओघळ बाईच्या भुवईपर्यंत आला, तो मारिवोनने थुंकी लावून अंगठ्याने पुसला. तोवर दारात गर्दी जमली होती. कुणीतरी म्हणाले, “मारिवोन, हे पंख आहेत की गाढवाचे कान?” आणि इतक्या महिन्यांनी त्या मुसाफिरखान्यात लोक हसले.

कातेलही आली. ती माझ्यासमोर उभी राहिली आणि दोन्ही पंख निरखून पाहू लागली.

“डावा जरा जास्तच वर गेलाय, सासूबाई,” ती अखेर म्हणाली.

“तुझाही जातो. रोज सांगते, नीट टाच म्हणून. ऐकतेस कुठे?”

माझे रूप बिघडले होते. पॅरिसमधल्या माझ्या कुठल्याही भावंडाने मला ओळखले नसते. पण त्या दिवशी कातेल माझ्यासमोरून गेली ती मान वर करून. मास्तरने तक्रार केली नाही. ‘ओल लागून प्रत खराब झाली, दुसरी पाठवा’ असा निरोप मात्र धाडला, कारण साहेबांच्या तपासणीची भीती त्याला होतीच. “दुसरी आली तरी हेर्वे येईपर्यंत गुंडाळीच सोडत नाही,” असे त्याने मारिवोनला बजावून सांगितले.

मग आम्ही गाडीची वाट पाहू लागलो. कातेल रोज इस्त्री केलेली टोपी घालून येई. दार उघडे, माणसे उतरत, आपापल्या घरी जात. हेर्वेच्या जहाजावरचे दोघे एका संध्याकाळी उतरले. त्यांनी आधी मला पाहिले, मग माझ्याखाली बसलेल्या सासूसुनेला पाहिले आणि टोप्या काढल्या. टोप्या काढल्या तिथेच सगळे संपले, बोलायचे तेवढे उरले होते.

“धुकं होतं, मावशी,” त्यांतला वयाने मोठा होता तो म्हणाला. “हेर्वे आणि त्याचा जोडीदार छोट्या होडीतून गळ उचलायला गेले. आम्ही जहाजावरून दिवसभर शिंग वाजवत होतो. रात्रभर वाजवलं.”

“कधी?” मारिवोनने विचारले.

“मे महिन्यात.”

मास्तर तिकिटांच्या खिडकीत उभा होता. “मे?” तो म्हणाला. “म्हणजे मी हे लावलं तेव्हा...”

त्याने सोडलेले वाक्य मी पुरे केले, आणि तो धक्का मला आजवर पचलेला नाही. मी भिंतीवर चढलो तेव्हा ती विधवाच होती. फक्त कुणाला ठाऊक नव्हते, तिला नाही आणि मलाही नाही. ज्या चित्राला सारे गाव अभद्र म्हणाले, ते पहिल्या दिवसापासून खरे होते. देशभरच्या भिंतींवर माझी सगळी भावंडे खरे बोलत होती. एकटा मी आता खोटा होतो.

कातेल रडली नाही. ती सासूसमोर खाली बसली आणि तिने डोके पुढे केले. “तुम्हीच काढा,” ती म्हणाली.

मारिवोनने पिना काढल्या. ज्या हातांनी तिने माझ्यावर पंख चढवले होते त्याच हातांनी सुनेचे उतरवले. तिचाही एकुलता एक मुलगा गेला होता, पण पिना काढून होईपर्यंत तिने तोंडातून आवाज काढला नाही. मग ती जी ओरडली ते मला सांगता येणार नाही.

नवी प्रत त्यानंतर काही दिवसांनी आली. मास्तर ती गुंडाळी हातात घेऊन उभा असताना कातेल खेकड्यांची पेटी घेऊन आत आली. पंख खांद्यांवर उतरलेले, अगदी गुंडाळीतल्या चित्रासारखे. मास्तरला गुंडाळी कुठे लपवावी ते कळेना.

“कातेल, हे... आता हे लावू, की...”

तिने माझ्याकडे पाहिले. त्या वाकड्या, ओघळलेल्या पंखांकडे पाहिले.

“जुनंच असू द्या, मास्तर,” ती म्हणाली. “जाताना त्यानं मला अशीच पाहिली होती.”

मास्तरने गुंडाळी कपाटात टाकली. साहेब तपासणीला आले तेव्हा तो त्यांना काय म्हणाला ते मी ऐकले नाही, पण मी भिंतीवर राहिलो. वर्षे गेली. कातेल माझ्यासमोरच्या बाकावर बसून गाडीची वाट पाही आणि तिचे केस टोपीखाली पिकत गेले. माझ्यावर मात्र ती तशीच होती. मग दुसरी लढाई आली. मग मोटारी आल्या, गाडी बंद झाली, आणि मला फळीसकट स्टेशनचे दिवे ठेवायच्या खोलीत टाकले. तिथे उंदरांनी माझी कड खाल्ली. त्याचे दुःख नाही.

अलीकडे एका व्यापाऱ्याने मला उचलले, फळीवरून सोडवले आणि एका हौशी संग्राहकाला विकले. त्याने मला क्लोतिल्दकडे आणले. आज सकाळी दोघे माझ्यावर ओणवे होते. शेजारी त्यांनी माझे एक भावंड ठेवले आहे, कुठल्याशा संग्रहातून आणलेले, डागसुद्धा नसलेले. त्याचे पंख खाली आहेत.

“कुणीतरी पोरकटपणा केलाय,” संग्राहक म्हणाला. “चांगल्या चित्राचं वाटोळं केलं. निघेल का?”

“होडीचा रंग दिसतोय. हळूहळू निघेल. घाई नको.”

“मूळचं होतं तसं करून द्या. ती उतरलेली टोपी, तोच तर ह्या चित्राचा प्राण आहे.”

क्लोतिल्दचा हात हलका आहे. आन्सेल्मसारखी ती खसाखसा घासत नाही. बोळा ओला करते, टेकवते, उचलते. गेल्या काही दिवसांत तिने उंदरांनी खाल्लेली कड जोडली, सुरकुत्या काढल्या, मला कापडाची पाठ दिली. माझी इतकी काळजी आजवर कुणी घेतली नव्हती, आणि म्हणूनच तिच्यावर रागावताही येत नाही. दुपारी तिने डाव्या बाजूला सुरुवात केली. मारिवोनचा पांढरा पंख विरघळून कापसात गेला. मग खांद्यावरचा निळा गेला आणि खालून नांगरांची लेस वर आली, तेव्हा क्लोतिल्द आनंदाने म्हणाली, “किती सुंदर.” मग ती हात धुऊन जेवायला गेली.

मित्रांनो, जुन्या वस्तू जपा असे तुम्हाला सगळेच सांगतात. मी एवढेच सांगतो, की जपायला बसाल तेव्हा आधी थोडे थांबा. एखादा डाग दिसला तर तो कुणाच्या हातचा आहे आणि कशासाठी पडला आहे ते विचारा. सांगणारे कुणी उरले नसेल, तर निदान एक दिवस तसाच राहू द्या. मला विचारले असते तर मी सांगितले असते. पण पोस्टरला कुणी विचारत नाही, आणि विचारले तरी माझा आवाज तुमच्याखेरीज कुणाला ऐकू येत नाही.

जिन्यावर पावले वाजत आहेत. क्लोतिल्द वर येते आहे. या घडीला माझ्यावरच्या कातेलचा डावा पंख खांद्यावर उतरलेला आहे आणि उजवा अजून वर आहे. अशी टोपी केर्वेलानमध्ये कुठल्याही बाईने कधी घातली नव्हती.